सोळा पाकळ्यांचा किल्ला

नाव : रंगुबाई कोम मार्तंड माळवदे. जात : शिंपी. राहणार : मौजे बोरखडी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर. वय : अंदाजे पन्नास. उंची : पाच फुटांस दोन बोटे कमी. बांधा : सडपातळ. रंग : निमगोरा. नाक : सरळ. ओळखण्याची खूण : डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचे टोक सुईने टोचून टोचून निबर झालेले. धंदा : घरी बसून कापडाची फुले, पाने व पक्षी कातरून दुसऱ्या कापडावर शिवणे. चालचलणूक : संशयास्पद. कारणे : दिवसाढवळ्या दार लावून बसते, कागदावर टोचे मारून आकृत्या काढते व काम झाले की त्या चुलीत घालते, जाब विचारल्यास उत्तर न देता उलट जाब विचारते.

हे वर्णन बोरखडीचे पोलीस पाटील काकासाहेब यांनी १९४३ सालच्या आषाढात स्वहस्ते लिहिले. आदल्या वर्षीच्या चळवळीत कुठे तारा तुटल्या, कुठे टपालाच्या पेट्या जळाल्या, म्हणून प्रत्येक गावाने संशयित इसमांची यादी दरमहा तालुक्याला पाठवावी असा हुकूम निघाला होता. बोरखडीत तार नव्हती, आणि टपालाची पेटी तीन मैलांवर तिसगावला होती. काकासाहेबांनी दहा महिने यादीत सुवाच्य अक्षरात 'निरंक' असे लिहून पाठवले. अकराव्या महिन्यात वरून शेरा आला, की इतक्या काळात गावी एकही संशयित नसणे ही बाब संशयास्पद असून तिचा खुलासा व्हावा.

त्यामुळे काकासाहेबांना प्रथमच गावाकडे नीट पाहावे लागले. खादी घालणारे दोघे होते, पण कापडावर कंट्रोल आल्यापासून ते जे मिळेल ते घालत होते. वर्तमानपत्र वाचणारा एक मास्तर होता, पण तो काकासाहेबांचेच वर्तमानपत्र काकासाहेबांच्याच ओट्यावर बसून वाचायचा. त्याचे नाव घातले तर ओट्याचे नाव घालावे लागले असते. उरली रंगुबाई.

रंगुबाईचा नवरा मार्तंड बंड्या आणि कोपऱ्या शिवायचा. तो वारला तेव्हा शिवणाचे मशीन दिराने नेले आणि तिच्या वाट्याला एक कात्री आणि चिंध्यांचे गाठोडे आले. त्या गाठोड्यातून तिने पहिला पोपट कातरला. हिरव्या चिंधीचा पोपट मोठ्या कापडावर ठेवायचा, त्याची कड नखाने आत मुडपत जायची आणि टाका असा घालायचा की टाका दिसू नये, पोपटच दिसावा. असे पोपट आधी लहान मुलांच्या कुंच्यांवर बसले, मग दुपट्यांवर. पुढे एका शेतकऱ्याने आपल्या बैलाच्या झुलीवर एक बसवून घेतला, आणि त्यानंतर रंगुबाईचे वर्ष पोळ्यापासून पोळ्यापर्यंत मोजले जाऊ लागले. तांबड्या खारव्याची झूल, तिच्या चारी कोपऱ्यांत मोर नाहीतर पोपट, कडेने पांढऱ्या कापडाचे दात, आणि मधोमध, बैलाच्या पाठीवर बरोबर येईल असे, एक पिवळे गोल फूल.

हे फूल हा तिचा खरा माल होता. त्याला सोळा पाकळ्या असत आणि सोळाही सारख्या. गावातल्या बायकांचा अंदाज असा, की ती बांगडी ठेवून गोल काढते आणि एकेक पाकळी हाताने आखते. रंगुबाईने हा अंदाज कधी खोडला नाही. ती चौकोनी कागदाला चार घड्या घालायची, निमुळत्या तुकड्याला एकदाच कात्री लावायची आणि कागद उलगडायची. मग ते फूल दुसऱ्या कागदावर ठेवून कडेने सुईने टोचे मारायचे, भोवती दोन नि मध्ये एक गोल टोचायचा, टोचलेला कागद कापडावर ठेवायचा, वरून गेरूची पुरचुंडी आपटायची. कापडावर ठिपके उमटले की ठिपक्यांवरून कातरायचे. ही रीत तिला कोणी शिकवली नव्हती आणि ती कोणाला शिकवणार नव्हती. म्हणून दार बंद, आणि म्हणून काम झाल्यावर कागद चुलीत.

तिचा संशय सगळ्या गावावर होता, पण तो राहायला असायचा समोरच्या घरात. तिथे अजीज पिंजारी आणि त्याची बायको बानू राहत. अजीज कापूस पिंजायचा आणि बानू गाद्या नि लेप शिवायची. दोन वर्षांपूर्वी बानूने शिवलेल्या एका लेपावर मान मागे वळवलेला मोर आला होता. मान मागे वळवणारा मोर त्या पंचक्रोशीत फक्त रंगुबाईकडे होता. तिने दाराच्या फटी शेणामातीने बुजवल्या. पुढच्या वर्षी बानूच्या लेपावर चोचीत कैरी धरलेला पोपट आला. रंगुबाईने झरोका बुजवला. आता घरात बुजवण्यासारखे काही उरले नव्हते. उजेडही फारसा उरला नव्हता. ती दिव्याजवळ सरकून भर दुपारी सुई ओवायची आणि समोरच्या घरातून येणाऱ्या धनुकलीच्या टणटण आवाजाकडे कान ठेवायची. आवाज थांबला की तिची सुईही थांबायची.

गिऱ्हाइकांना वेगळा संशय होता. कंट्रोल आल्यापासून खारवा मिळवायला तिसगावच्या बाजारात रांगेत उभे राहावे लागे. त्यामुळे कापड घेऊन आलेला माणूस कापडाला सोडून जायला तयार नसे. मच्छिंद्र हा त्यातला पुढचा. त्याची जोडी पोळ्याच्या मिरवणुकीत नेहमी पहिली असायची, आणि यंदाही असावी यासाठी त्याने सासरवाडीहून कापड आणले होते. तो उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला.

"मावशी, आत येऊ का?"

"कशाला?"

"कातरताना बघतो."

"कापड तुजं हाय, कात्री माजी हाय. बाहेर बस."

तो बाहेर बसला. कातरून झाल्यावर तिने उरलेल्या चिंध्या गाठ मारून त्याच्या हातात दिल्या. त्याने त्या तिथेच उलगडून जमिनीवर पसरल्या आणि मनातल्या मनात पुन्हा जुळवून पाहिल्या. दोघांनाही यात काही वावगे वाटले नाही.

श्रावणात रंगुबाईच्या घरी सहा शेतकऱ्यांच्या सहा जोड्या, म्हणजे बारा झुली पडल्या होत्या. त्या सुमारास एका सकाळी काकासाहेब शेताकडून परत येताना त्यांना रंगुबाईच्या घरामागच्या उकिरड्यावर बानू वाकलेली दिसली. तिच्या हातात अर्धवट जळालेला कागद होता आणि ती तो उजेडाकडे धरून पाहत होती. काकासाहेबांना पाहताच तिने तो पदराखाली घातला. यादीसाठी माणूस मिळाल्यापासून त्याच्याविरुद्ध काहीतरी मिळावे म्हणून पाटील महिनाभर तळमळत होते. त्यांनी हात पुढे केला. बानू म्हणाली, कागद तिचा नव्हे, रंगूमावशीचा. ती असले कागद नेहमी जाळते, हा राखेबरोबर बाहेर पडला असेल. ती स्वतः तो कशाला पाहत होती, हे काकासाहेबांनी विचारले नाही. पुरावा आपणहून चालत आला असता त्याची चौकशी करण्याची त्यांना गरज वाटली नाही.

घरी जाऊन त्यांनी कागद पाटावर पसरला. बाहेर टोच्यांची दोन वर्तुळे. आत गोलाकार मांडलेले फुगवटे. मध्यभागी एक बारीक ठिपक्यांचे कडे. एक बाजू जळालेली. काकासाहेब जन्मात दोनदा नगरला गेले होते, आणि दोन्ही वेळा टांगा किल्ल्याच्या बाजूने गेला होता. त्या किल्ल्यात मोठमोठे पुढारी आणून ठेवले आहेत ही गोष्ट गुप्त होती आणि तिसगावच्या बाजारात भाजीवालीलाही ठाऊक होती. काकासाहेबांनी टांग्यातून मोजलेले बुरूज आठवले : अकरा. कागदावर जळण्यातून वाचलेले फुगवटे मोजले : अकरा. दोन वर्तुळे म्हणजे खंदक. मधले कडे म्हणजे पुढाऱ्यांची राहण्याची जागा. आणि जळालेली बाजू म्हणजे जी पेटवायची ती.

त्यांनी त्याच दिवशी कागदासह अहवाल तालुक्याला पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी तिथून फौजदार दोन शिपाई घेऊन आले. त्यांनी रंगुबाईच्या घराची झडती घेतली. कागद सापडला नाही, कारण सगळे जळाले होते. हीही बाब नोंदवण्यात आली. झुलींवर मात्र तेच वर्तुळ बाराच्या बारा वेळा शिवलेले आढळले. इतक्या प्रती पाहून फौजदार गंभीर झाले. झुली गाठोडे बांधून चावडीत नेल्या आणि रंगुबाईला दुपारी हजर राहायला सांगितले. झुली नगरला तपासणीसाठी जातील, दोन महिने लागतील, असे एक शिपाई जाता जाता म्हणाला. पोळा आठ दिवसांवर होता.

मच्छिंद्र धावत आला. रंगुबाई उंबऱ्यावर बसली होती.

"मावशी, औंदा जोडी बोडकीच निंघल, त्येचं काय न्हाई," तो म्हणाला. "पन ह्ये कापड पुन्यांदा मिळायचं न्हाई. आन पुढच्या वर्साला तुज्या हातात कापड कोन दील? मी न्हाई देनार, आत्ताच सांगतो."

तो भांडायला आला नव्हता. खरे तेच सांगत होता. बाकीचे पाचजणही येऊन अंगणात उभे राहिले होते. रंगुबाईने कात्री पदराला बांधली आणि चावडीकडे निघाली.

चावडीत सगळा गाव लोटला होता. पुढच्या ओळीत बानू बसली होती. फौजदारांनी जळका कागद टेबलावर ठेवला आणि हा नकाशा कोणी काढायला लावला ते विचारले.

"नकाशा कसला? फूल हाय," रंगुबाई म्हणाली.

"फूल असेल तर जाळता कशाला?"

"माजं फूल हाय. जाळीन न्हाईतर डोक्यात माळीन."

मागे कोणीतरी हसले. फौजदार हसले नाहीत. बाईने आकृती स्वतः काढली असेल तर ती इथे, सर्वांसमोर, काहीही न बघता पुन्हा काढून दाखवावी, असे ते म्हणाले. जमले तर तो तिचा धंदा समजण्यात येईल आणि झुली आजच परत मिळतील. न जमले तर ती दुसऱ्या कोणाची तरी आकृती असून तिच्यामार्फत फिरवली जात आहे असे समजण्यात येईल.

रंगुबाईने सभोवार पाहिले. तिची नजर पुढच्या ओळीवर येऊन थांबली.

"ह्या बाईला बाहेर काढा. मग दावते."

"ते होणार नाही. कागद त्यांच्याजवळ सापडला. त्या पंच आहेत. त्यांच्यादेखतच व्हायला पाहिजे."

बानूने पदर सावरला आणि थोडी पुढे सरकून बसली.

रंगुबाई फौजदारांकडे वळली. तिने विचारले, की बाईमाणसाऐवजी पुरुष पंच चालणार नाही का. फौजदार म्हणाले, पुरुषही आहेत, अजीज पिंजारी दुसरे पंच आहेत. तिने विचारले, की झुली नगरला गेल्या तर पोळ्याआधी येतील का. फौजदार म्हणाले, नाही. तिने गाठोड्याकडे पाहिले. मच्छिंद्रच्या झुलीचा एक कोपरा बाहेर आला होता आणि त्यावरच्या मोराची वळवलेली मान तेवढी दिसत होती. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "कागद द्या."

फौजदारांनी आपल्या वहीतला एक कोरा कागद फाडून दिला. तिने तो पदराखाली नेला. फौजदार म्हणाले, पदराच्या वर. तिने कागद वर आणला, चौकोनी केला, आणि पहिली घडी घातली. दुसरी घातली. तिसरी घालताना तिचा हात थांबला, पण थोडाच. चौथी घडी तिने नखाने दाबली, कात्री काढली आणि एकदाच फिरवली. चावडीत कागदाचा करकर आवाज स्पष्ट ऐकू आला. तिने घड्या उलगडून कागद टेबलावर ठेवला.

फौजदारांनी पाकळ्या मोजल्या. सोळा. मग त्यांनी जळका कागद त्यावर ठेवला. थोडा फिरवल्यावर अकरा पाकळ्यांवर अकरा पाकळ्या बसल्या, आणि जळालेल्या जागेत खालच्या कागदाच्या पाच दिसल्या. त्यांनी काकासाहेबांचा अहवाल उघडला.

"पाटील, इथे बावीस लिहिले आहेत."

काकासाहेब म्हणाले, अकरा शाबूत होते, जळालेला भाग अंदाजाने तितकाच धरला.

"आणि किल्ल्याला किती बुरूज?"

"बावीस."

"मोजलेत?"

"टांग्यातून अकरा दिसले. पलीकडच्या अंगाला तितकेच असणार."

फौजदारांनी शिपायांना विचारले. एक म्हणाला चोवीस, दुसऱ्याने किल्ला पाहिला नव्हता. रंगुबाई हे सारे ऐकत होती. तिने कागद उचलून पुन्हा घडी घातली आणि फौजदारांसमोर धरला.

"बावीस येतच न्हाईत, सायेब. बगा. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. बावीस पाकळ्या करायच्या तर कागदच फाडावा लागंल. तुमचा किल्ला घडी घालून बांदलाय का?"

फौजदारांनी स्वतः एक कागद घेतला आणि चार घड्या घातल्या. त्यांची कात्री वाकडी गेली, पण पाकळ्या सोळाच आल्या. त्यांनी आणखी एक केला. त्यालाही सोळाच आल्या. हा दुसरा कागद त्यांनी खिशात ठेवला. तो पंचनाम्यात आला नाही. पंचनाम्यात एवढेच आले, की आकृती फुलाची असून आक्षेपार्ह काही आढळून आले नाही. खाली अजीजने सही केली आणि बानूने अंगठा उठवला.

बाहेर पडताना रंगुबाई बानूपाशी थांबली. गाव अजून पांगला नव्हता.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "भित्तीला भोकं पाडून दमली असशील."

"भोक कशाला पाडू, मावशी?" बानू म्हणाली. "तुजा मोर, तुजा पोपट समदे दर पोळ्याला मच्छिंदरच्या बैलावर बसून माज्या दारावरनं जात्यात. बैल हळू चालतो. मी बघून घेती."

दोन वर्षे फटी बुजवताना रंगुबाईच्या हे ध्यानात आले नव्हते, की जी नक्षी ती घरात कोंडून ठेवते तीच वर्षातून एकदा वाजतगाजत, सगळ्या गावाला दिसेल अशा उंचीवरून, वेशीपासून वेशीपर्यंत फिरते. धंदाच तो होता. तिने विचारले, "आन फूल?"

"फूल न्हाई आलं कदी. बांगडी ठिवून केलं, दोरा लावून केलं. एक पाकळी जाड, तर एक रोड." बानूने आपल्या बोटांकडे पाहिले, अंगठ्याला शाई होती. "आता यील."

झुली त्याच संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. दोन झुलींचे दात शिवायचे राहिले होते, ते रंगुबाईने पोळ्याच्या आदल्या दिवशी पुरे करून दिले. मच्छिंद्रची जोडी मिरवणुकीत पहिली निघाली. पंचनामा झालेली झूल म्हणून लोक तिच्याकडे जरा निरखून पाहत होते, आणि तो सावकाश, उगाच थांबत, बैल हाकत होता.

रंगुबाईने झरोका मोकळा केला. तो बुजलेला ठेवण्यात आता अर्थ नव्हता, आणि डोळेही दुखत होते. पुढच्या मार्गशीर्षात बानूने एका लग्नाचा लेप शिवला. त्याच्या मधोमध सोळा पाकळ्यांचे फूल होते, सोळाही सारख्या. लोक म्हणाले, रंगुबाईच्या फुलासारखे आहे. नंतर नुसते म्हणाले, चांगले आहे. रंगुबाईने गुपचूप पाचवी घडी घालून पाहिली. बत्तीस पाकळ्या आल्या, पण इतक्या बारीक, की कापडाची कड मुडपायला जागाच राहीना. तिने तो कागद चुलीत घातला आणि सोळांवर परत आली. झुली तिच्याकडेच येत राहिल्या. आधी सहा जोड्या यायच्या, त्या आता चारपाच येऊ लागल्या. बानूवरचा तिचा संशय मात्र गेला नाही. उलट आता बानूने आपले दार लावून घ्यायला सुरुवात केली होती, आणि आत ती काय करत असेल याचा रंगुबाईला काही केल्या अंदाज येईना. तिने मच्छिंद्रला एकदा सहज विचारले, की पिंजाऱ्याच्या घरामागे उकिरडा नेमका कुठे आहे.

यादीचे म्हणाल तर तिच्यात नाव घालण्यासाठी रकाना होता, काढण्यासाठी नव्हता. शिवाय पुन्हा 'निरंक' लिहिण्याची काकासाहेबांची छाती होईना. त्यामुळे वय, उंची, बांधा, नाक आणि बोटाचे टोक यांसह रंगुबाई दरमहा त्याच शब्दांत तालुक्याला जात राहिली, आणि चालचलणुकीपुढे दरमहा 'संशयास्पद' असेच येत राहिले. १९४४ च्या श्रावणातली यादी काकासाहेबांनी एका मंगळवारी तिसगावच्या टपालात टाकली. परत येताना बाजारातून त्यांनी चार वार तांबडा खारवा घेतला, आणि आपल्या बैलजोडीच्या झुलींसाठी तो रंगुबाईकडे टाकून ते घरी गेले.